नेत्रवैद्याची साधना आणि वेळेचे मोल

निवासी शाळेत काही वर्षे काढलेल्या प्रत्येक शिक्षकाला एक अनुभव परिचयाचा असतो. मागच्या बाकावरचा एखादा विद्यार्थी फळ्याकडे न पाहता शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेतो. त्याला बोलणी बसतात. दोन परीक्षांत गुण घसरले की तो 'ढ' ठरतो आणि हळूहळू तो स्वतःही ते मान्य करतो. घर दूर, आईवडील शेतात किंवा ऊसतोडीला. मुलाला दिसत नाही हे कोणाच्या ध्यानात यावे? पुढे केव्हातरी शाळेत नेत्रतपासणी होते, चष्मा मिळतो आणि अंगणातल्या झाडाचे प्रत्येक पान वेगळे असते हे त्याला प्रथमच कळते. चष्म्याने दृष्टी त्याच दिवशी परत येते. मधली दोन-तीन वर्षे मात्र परत येत नाहीत.

अशा गमावलेल्या वेळेविषयी हा लेख आहे. तसाच तो नेत्रवैद्यांविषयी आहे, कारण ही वेळ वाचवण्याचे काम ज्यांच्याकडे येते त्यांना स्वतःच्या तारुण्यातील दहा-बारा वर्षे शिक्षणात घालावी लागतात. नेत्रवैद्य घडायला फार वेळ लागतो आणि डोळ्याला बहुधा थोडाच वेळ असतो. या दोन गोष्टींची सांगड कशी घालायची, हा प्रश्न वैद्यांपुरता मर्यादित नाही. पालक, शिक्षक आणि माजी विद्यार्थी या नात्याने तो आपल्यापुढेही आहे.

डोळ्याची रचना

प्रौढ माणसाचा डोळा पुढून मागे मोजला तर सुमारे २४ मिलिमीटर भरतो. पुढे काचेसारखे स्वच्छ पारपटल असते. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. त्यामागे बाहुली, बाहुलीमागे नेत्रभिंग आणि सर्वांत आत दृष्टिपटल, ज्याला आपण डोळ्याचा पडदा म्हणतो. पडद्यावर उमटलेले चित्र दृष्टीच्या नसेवाटे मेंदूकडे जाते. पारपटलावर जखमेचा पांढरा वण राहिला तर आपण 'डोळ्यात फूल पडले' असे म्हणतो. भिंग गढूळ झाले तर तो मोतीबिंदू. डोळ्यातील दाब वाढून किंवा अन्य कारणाने दृष्टीची नस झिजू लागली तर तो काचबिंदू. मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावे ऐकायला जवळची असली तरी दोघांच्या स्वभावात जमीन-अस्मानाचे अंतर आहे आणि ते न कळल्यामुळे पुष्कळांची दृष्टी गेली आहे. त्याविषयी पुढे पाहू.

शिक्षणाचा मार्ग

विनयपिटकातील कथेप्रमाणे जीवकाने तक्षशिलेत सात वर्षे वैद्यकाचा अभ्यास केला. आजच्या नेत्रवैद्याला त्याहून अधिक काळ लागतो. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय घेऊन 'नीट' ही राष्ट्रीय प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. एम.बी.बी.एस.चा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा आणि त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता, म्हणजे साडेपाच वर्षे. पुन्हा पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा, आणि मग नेत्रशल्यचिकित्सेतील एम.एस. किंवा डी.एन.बी. ही तीन वर्षांची पदवी. पुढे केवळ पडद्याचे आजार, केवळ पारपटल, काचबिंदू किंवा लहान मुलांचे डोळे यांत प्रावीण्य मिळवायचे असेल तर आणखी एक-दोन वर्षांचे विशेष प्रशिक्षण. बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलाने कोठेही न अडखळता ही वाट चालली तरी तो स्वतंत्रपणे शस्त्रक्रिया करू लागेपर्यंत सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा झालेला असतो.

ही वाट आपल्या भागातील मुलांसाठी पूर्वी फार लांबची होती. मराठवाड्यात वैद्यकीय शिक्षण म्हटले की छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाचे औरंगाबाद, किंवा अंबाजोगाई गाठावे लागे. २०२४ मध्ये जालन्यातच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जुना जालन्यातील एखाद्या मजुराच्या मुलीला गाव न सोडता डॉक्टर होता येईल, ही शक्यता आता कागदावरची राहिलेली नाही. तिला तेथपर्यंत पोचवण्याचे काम मात्र आठवी-नववीतील गणित-विज्ञानापासून सुरू होते, हे आपण विसरू नये.

डॉक्टर होणे हा एकच दरवाजा आहे असेही नाही. नेत्ररुग्णालय अनेक हातांवर चालते. दृष्टी तपासून चष्म्याचा नंबर काढणारे ऑप्टोमेट्रिस्ट, ग्रामीण रुग्णालयांत काम करणारे नेत्रचिकित्सा अधिकारी, शस्त्रक्रियागृहातील परिचारिका, नेत्रपेढीतील समुपदेशक, ही सारी प्रतिष्ठेची आणि गरजेची कामे आहेत. ऑप्टोमेट्रीची पदवी चार वर्षांची असते. त्यातील अखेरचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे असते. वैद्यकीय प्रवेश एक-दोन गुणांनी हुकलेल्या विद्यार्थ्याला या वाटा कोणी दाखवल्याच नाहीत, असे आपल्याकडे वारंवार घडते.

हाताची साधना

पुस्तकाने नेत्रवैद्य निम्माच घडतो. उरलेला अर्धा हाताने घडतो. पदव्युत्तर शिक्षणाच्या आरंभी विद्यार्थ्याला शस्त्रक्रियेची घाई करू दिली जात नाही. त्याने महिनोन्महिने बाह्यरुग्ण विभागात बसून दृष्टी तपासायची, डोळ्यातील दाब मोजायचा, स्लिट लॅम्पच्या उजेडाच्या बारीक फटीतून पारपटलापासून भिंगापर्यंत एकेक थर पाहायचा, बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा न्याहाळायचा. दिवसाला शंभर निरोगी पडदे पाहिलेल्या नजरेलाच एकशेएकावा आजारी पडदा खटकतो.

त्यानंतर सराव बकरीच्या डोळ्यांवर होतो. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही हातांत उपकरणे, दोन्ही पायांखाली नियंत्रणाची बटणे आणि नजर भिंगातून खाली, अशा अवस्थेत चारही अवयव एकमेकांच्या लयीत आणायचे असतात. मग ज्येष्ठ शल्यचिकित्सकाच्या शेजारी बसून त्याच्या शस्त्रक्रियेतील एखादाच सोपा टप्पा करायला मिळतो. तो शेकडो वेळा निर्दोष झाला की पुढचा. पूर्ण शस्त्रक्रिया हाती येईपर्यंत पुष्कळ दिवस जातात.

एवढी सावधगिरी का, हे एका उदाहरणाने कळेल. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत गढूळ भिंग काढायचे असते, पण त्याभोवतीचे पातळ आवरण राखायचे असते, कारण नवे कृत्रिम भिंग त्याच्याच आधाराने बसते. या आवरणाची मागील बाजू सर्वांत पातळ ठिकाणी मिलिमीटरच्या अवघ्या चार-पाच सहस्रांश इतकी असते. केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. ती फाटली तर साधी शस्त्रक्रिया अवघड होऊन बसते. अशा वेळी प्रशिक्षणार्थ्याने हात थांबवायचा आणि ज्येष्ठांना बोलवायचे, हा पहिला धडा. आपल्याला जमत नाही हे वेळेवर कबूल करणे हीदेखील एक विद्या आहे आणि ती शिकवावी लागते.

मोजमापाचेही तसेच. कृत्रिम भिंगाचा नंबर ठरवण्यासाठी डोळ्याची लांबी मोजतात. त्या मापात केवळ एक मिलिमीटरची चूक झाली तर रुग्णाच्या चष्म्याच्या नंबरात सुमारे अडीच-तीनचा फरक पडतो. शस्त्रक्रिया उत्तम होऊनही रुग्ण समाधानी होत नाही. म्हणून माप घेणाऱ्या सहाय्यकाचा हात शल्यचिकित्सकाच्या हाताइतकाच मोलाचा असतो.

एका शस्त्रक्रियेची वाटचाल

मोतीबिंदूवरील उपचार भारतात प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत त्याचे वर्णन येते. त्या पद्धतीत गढूळ भिंग शलाकेने बाजूला ढकलत, म्हणजे बाहुलीची वाट मोकळी होई, पण भिंग डोळ्यातच राही आणि धोका मोठा असे. भिंग डोळ्याबाहेर काढण्याची रीत अठराव्या शतकात फ्रान्समध्ये जाक दाव्हिएल यांनी रूढ केली. तरीही भिंगाविना डोळ्याला जाड काचेचा चष्मा लागे. आपल्यापैकी ज्यांनी चार-पाच दशकांपूर्वीच्या आजी-आजोबांना पाहिले आहे त्यांना तो चष्मा आठवत असेल. शस्त्रक्रियेनंतर कित्येक दिवस डोके न हलवता पडून राहावे लागे, तेही आठवत असेल.

ही अडचण दूर होण्यामागे एका विद्यार्थ्याचा प्रश्न होता. लंडनमध्ये डॉ. हॅरोल्ड रिडली शस्त्रक्रिया करीत असता, काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरे का बसवत नाही, असे पाहणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले, असे सांगतात. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचछताचे प्लॅस्टिकचे कण शिरले होते आणि डोळ्याने ते सहन केले होते, हे रिडलींनी पाहिले होते. दोन्ही गोष्टी जुळल्या आणि नोव्हेंबर १९४९ मध्ये त्यांनी पहिले कृत्रिम नेत्रभिंग बसवले. १९६७ मध्ये अमेरिकेत डॉ. चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींच्या कंपनांनी मोतीबिंदू फोडून बारीक छिद्रातून शोषून घेण्याची पद्धत आणली. आज 'फेको' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शस्त्रक्रियेत छेद तीन मिलिमीटरहूनही लहान असतो. टाक्याविना होणारी, यंत्रावर कमी अवलंबून असलेली आणि खर्चाने हलकी अशी लहान छेदाची दुसरी पद्धतही आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. पिकलेल्या, कठीण मोतीबिंदूसाठी ती फार उपयोगी पडते.

परदेशी भिंगाची किंमत गरिबाच्या आवाक्याबाहेर होती. मदुराईच्या डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये, निवृत्तीनंतर, अकरा खाटांचे नेत्ररुग्णालय सुरू केले होते. त्यातून वाढलेल्या अरविंद संस्थेने १९९२ मध्ये भारतातच भिंगे बनवण्यास प्रारंभ केला आणि किंमत कितीतरी पटींनी उतरली. या डॉक्टरांची बोटे तरुणपणीच संधिवाताने वाकडी झाली होती. त्या बोटांनी हत्यार धरण्याचा त्यांनी नव्याने सराव केला आणि हजारो शस्त्रक्रिया केल्या. विद्यार्थ्यांनी हे उदाहरण स्मरणात ठेवावे.

मराठवाड्याच्या मातीतील उदाहरण

आपल्या भागातील उदाहरण डॉ. तात्याराव लहाने यांचे आहे. लातूर जिल्ह्यातील माकेगाव हे त्यांचे जन्मगाव, घरची परिस्थिती हलाखीची. औरंगाबादच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ते नेत्रशल्यचिकित्सक झाले, अंबाजोगाईच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी सेवा केली आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात गेले. दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्यावर १९९५ मध्ये त्यांच्या आई अंजनाबाई यांनी त्यांना आपले मूत्रपिंड दिले. त्यानंतर केलेल्या कामासह त्यांच्या मोतीबिंदू शस्त्रक्रियांची संख्या एक लाखाच्या पुढे गेली. २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कुष्ठरुग्णांच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया करण्यास अनेकजण कचरत असत, तेव्हा आनंदवनात जाऊन त्यांनी शिबिरे घेतली.

या चरित्रातून केवळ कौतुक घेऊन थांबू नये. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातील मुलगा शासकीय महाविद्यालयात शिकतो, शासकीय नोकरीत राहतो आणि फी देऊ न शकणाऱ्यांचे डोळे उघडतो. समाजाने त्याच्या शिक्षणावर केलेला खर्च समाजाला परत मिळतो. आपल्या शाळेच्या पटावर आज असलेल्या मुलांपैकी एकाने जरी हे केले तरी ते पुरेसे मोठे फळ आहे.

कोणता डोळा थांबतो, कोणता थांबत नाही

आता मूळ प्रश्नाकडे वळू. देशात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, पन्नास वर्षांवरील व्यक्तींच्या अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदू आढळले. त्याचा वाटा ६६.२ टक्के होता. म्हणजे दर तीन अंध व्यक्तींपैकी दोघांची दृष्टी एका छोट्या शस्त्रक्रियेने परत येण्याजोगी होती. मोतीबिंदूचा डोळा बव्हंशी वाट पाहतो. म्हणून त्याच्या बाबतीत आशा टिकून असते. पण 'पिकू द्या, मग काढू' हा जुना सल्ला आता सोडला पाहिजे. पूर्वीच्या पद्धतीत तो योग्य होता. आज फार पिकलेला मोतीबिंदू काढणे अधिक अवघड जाते आणि क्वचित तो फुगून दाब वाढवतो. 'उन्हाळ्यात शस्त्रक्रिया नको' ही समजूतही तशीच जुनी आहे. आजीला सुईत दोरा ओवता येत नाही हे वेगळे. चाळिशी लागली असेल. पण तिला समोरच्या माणसाचा चेहरा ओळखू येईना, पायरीचा अंदाज येईना, तर वयावर बोट ठेवून स्वस्थ बसू नये.

काचबिंदू वाट पाहत नाही. तो बहुधा दुखत नाही, लाल होत नाही. आधी कडेची दृष्टी खातो आणि समोरचे दिसत असते म्हणून माणूस गाफील राहतो. गेलेली दृष्टी कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही, उरलेली मात्र औषधाने राखता येते. घरात कोणाला काचबिंदू असेल तर चाळिशीनंतर सर्व भावंडांनी दाब आणि नस तपासून घेतली पाहिजे. एकाएकी डोळा लाल होऊन तीव्र वेदना, उलटी आणि दिव्याभोवती रंगीत वलये दिसू लागली तर तो काही तासांचा प्रश्न असतो. डोळ्यापुढे एकदम ठिणग्या चमकणे किंवा काळा पडदा उतरल्यासारखे वाटणे ही पडदा सुटल्याची खूण असू शकते. तेव्हाही त्याच दिवशी नेत्रवैद्याकडे जावे.

मधुमेह पडद्यावर गुपचूप हल्ला करतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मधुमेहाचा दीर्घ त्रास होता आणि अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी मंदावत गेली, हे आपण त्यांच्या चरित्रांतून वाचतो. ज्यांचे अवघे आयुष्य ग्रंथांच्या सहवासात गेले त्यांना ही यातना किती झाली असेल! पडद्यासाठी आज मिळणारे लेझरचे व इंजेक्शनचे उपचार त्या काळी नव्हते. आज ते आहेत, परंतु पडदा वर्षातून एकदा तपासला तरच. दिसते आहे म्हणून तपासणी टाळणाऱ्या मधुमेही व्यक्तीने हे ध्यानात घ्यावे.

लहान मुलांच्या डोळ्यांना सर्वांत कमी सवड असते. मेंदू पाहायला शिकतो तो बालपणातच. एका डोळ्याला जास्त नंबर असेल किंवा तिरळेपणा असेल तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो आणि तो डोळा 'आळशी' होतो. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा व चांगल्या डोळ्यावर पट्टी यांनी तो बहुधा सुधारतो. पुढे सुधारणा कठीण होत जाते. म्हणून तिरळेपणाला भाग्याचे लक्षण मानून हसण्यावारी नेऊ नये. बाळाच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली तर एक दिवसही दवडू नये. ती जन्मजात मोतीबिंदूची किंवा डोळ्यातील कर्करोगाची खूण असू शकते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या, दोन किलोहून कमी वजनाच्या बाळाचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासलाच पाहिजे. नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत जीवनसत्त्व 'अ'च्या नऊ मात्रा अंगणवाडी व आरोग्य केंद्रांतून मिळतात. त्या चुकवू नयेत. रातांधळेपणा हा त्या जीवनसत्त्वाच्या अभावाचा पहिला इशारा आहे.

आपल्या जिल्ह्याचे धंदेही डोळ्यांशी निगडित आहेत. मोसंबीच्या बागेतला काटा, मळणीतला तूस, कपाशीच्या पऱ्हाटीचे टोक डोळ्यास लागले की पारपटलावर ओरखडा उठतो आणि त्यात बुरशी शिरते. अशा वेळी औषधाच्या दुकानातून स्वतःच थेंब आणून घालणे घातक ठरते, कारण स्टिरॉइड असलेल्या थेंबाने लाली उतरते आणि आत बुरशी मात्र फोफावते. पोलादाच्या कारखान्यांतील कामगारांनी ग्राइंडर व वेल्डिंगच्या कामात संरक्षक चष्मा टाळू नये. तंबाखूच्या चुन्याची पुडी मुलांच्या हाती लागून डोळ्यात फुटते. तेव्हा आधी दवाखान्याकडे धावायचे नाही. असेल तेथेच स्वच्छ पाण्याच्या धारेने किमान पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवायचा, चुन्याचे कण काढायचे आणि मग निघायचे. येथे मिनिटांचा हिशेब आहे.

वैद्याची सचोटी

धम्मपदाच्या पहिल्याच गाथेवरील अट्ठकथेत चक्षुपाल स्थविरांची कथा येते. ते पूर्वजन्मी नेत्रवैद्य होते, असे कथा सांगते. एका स्त्रीने, डोळे बरे झाल्यास मुलांसह दासी होईन, असे वचन त्यांना दिले. डोळे बरे झाले, पण वचन पाळावे लागू नये म्हणून त्रास वाढल्याची थाप तिने मारली. रागावलेल्या वैद्याने तिला असे औषध दिले की ती आंधळी झाली. कथेचा कर्मविषयक अर्थ सांगण्याचे हे स्थळ नव्हे. पण इतक्या प्राचीन काळी या व्यवसायातील खरा धोका ओळखला गेला होता, हे लक्षणीय आहे. रुग्णाची असहायता वैद्याच्या हातात असते आणि वैद्याचे मन मलिन झाले तर तीच विद्या अंधार पसरवते. स्त्रीने खोटे बोलूनही कथेत दोष वैद्याकडे जातो. ज्याच्या हाती विद्या, त्याच्यावर जबाबदारी अधिक.

आजच्या भाषेत सांगायचे तर गरज नसताना शस्त्रक्रिया न सुचवणे, महागडे भिंग गळ्यात न मारणे, शिबिरातील रुग्णाच्या डोळ्याला फी देणाऱ्या रुग्णाच्या डोळ्याइतकीच स्वच्छता व सावधगिरी देणे, आणि काय करणार आहोत हे त्याच्या भाषेत समजावून सांगणे, हे या सचोटीचे नित्याचे रूप आहे. नेत्रवैद्याच्या शिक्षणात याचा वेगळा पेपर नसतो. हे संस्कार शाळेत असतानाच व्हावे लागतात.

शिबी राजा आणि सहा तास

अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात शिबी राजाची जातककथा चित्रित केलेली आहे. याचकाला आपले डोळे देणाऱ्या या राजाची कथा आपण जाणतो. तिच्यात सीवक नावाचा एक वैद्य आहे, त्याच्याकडे मात्र आपले लक्ष जात नाही. राजाचे डोळे काढण्याचे काम त्याच्याकडे येते. तो ते एकदम करीत नाही. प्रत्येक टप्प्यावर थांबून तो राजाला सांगतो की अजूनही विचार करा, अजून पूर्ववत करता येईल. दात्याची संमती पुन्हापुन्हा विचारणारा हा वैद्य आजच्या वैद्यकालाही आदर्श वाटावा.

आजच्या नेत्रदानात जिवंत माणसाला काही द्यावे लागत नाही. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपेढीचे पथक येऊन पंधरा-वीस मिनिटांत काम पूर्ण करते, चेहरा विद्रूप होत नाही. फूल पडलेल्या डोळ्यांवर ही पारपटले बसवतात आणि साधारणपणे दोन व्यक्तींना दृष्टी मिळते. दात्याला चष्मा असो, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असो, मधुमेह असो, बहुधा अडचण येत नाही, रेबीज, एच.आय.व्ही., कावीळ यांसारख्या संसर्गाने मृत्यू झाल्यास मात्र नेत्रदान होत नाही. घरच्यांनी पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोके थोडे उंच ठेवावे आणि पंखा बंद करावा. श्रीलंकेत १९६१ मध्ये डॉ. हडसन सिल्वा यांच्या पुढाकाराने नेत्रदान संस्था स्थापन झाली आणि त्या लहान बौद्ध देशाने आपली गरज भागवून इतर देशांनाही पारपटले पाठवली. दानपारमितेचे व्याख्यान ऐकणाऱ्या समाजाने ती आचरणात आणली की काय घडते, याचे हे उदाहरण आहे. आपल्याकडे दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा नेत्रदान पंधरवडा पाळला जातो. संमतीपत्र भरले असले तरी अखेरचा निर्णय नातेवाइकांचाच असतो. म्हणून आपली इच्छा आजच घरात बोलून ठेवावी.

आपल्याला काय करता येईल

जुना जालना आणि नवा जालना यांच्यामधून कुंडलिका वाहते. एका काठावरून दुसऱ्या काठावर जायला काही मिनिटे लागतात. शहरात जिल्हा रुग्णालय आहे. श्री गणपती नेत्रालयाचे नाव तर जिल्ह्याबाहेरच्या खेड्यांतही ठाऊक आहे. तरीही शहरातल्याच एखाद्या आजीला घरापासून नेत्रवैद्यापर्यंत पोचायला दोन-दोन वर्षे लागतात. तिच्यासोबत जायला कोणी नसते, मजुरी बुडते, शस्त्रक्रियेची भीती वाटते आणि 'आता किती दिवस राहिले माझे' असे म्हणून ती स्वतःच विषय संपवते. हा विलंब कोणतेही यंत्र कमी करू शकत नाही. सोबत येणारा माणूसच तो कमी करू शकतो.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांपुढे तीन साधी कामे ठेवावीशी वाटतात. पहिले, प्रत्येक शैक्षणिक वर्षाच्या आरंभी, पहिल्या महिन्यातच वसतिगृहातील प्रत्येक मुलामुलीची दृष्टी तपासली जावी. सहा मीटरवर अक्षरांचा तक्ता लावून, एकेक डोळा झाकून केलेली प्राथमिक पाहणी शिक्षकही करू शकतात. ज्याला अडचण दिसेल त्याला नेत्रवैद्याकडे न्यावे आणि चष्मा मोडला तर दुसरा मिळेल याची तजवीज असावी. दुसरे, माजी विद्यार्थ्याने वर्षातून एकदा आपल्या गल्लीतील एका वृद्ध व्यक्तीला स्वतः सोबत घेऊन तपासणीस न्यावे आणि शस्त्रक्रियेनंतर थेंब वेळेवर पडतात का ते पाहावे. तिसरे, ज्यांनी वैद्यकीय किंवा ऑप्टोमेट्रीच्या शिक्षणाची वाट चालली आहे त्यांनी सुटीत शाळेत येऊन ती वाट खालच्या वर्गांना समजावून सांगावी. प्रवेशपरीक्षा कोणती, शिष्यवृत्ती कोठे, कागदपत्रे कोणती आणि कधी, एवढी माहिती वेळेवर न मिळाल्याने हुशार मुले मागे राहतात. येथेही प्रश्न वेळेचाच आहे.

लेखाच्या आरंभी उल्लेखिलेला मागच्या बाकावरचा मुलगा आजही कोणत्या ना कोणत्या वर्गात बसलेला आहे. त्याला यंदा जूनमध्ये चष्मा मिळाला तर त्याचे वर्ष वाचेल. पुढे तोच सूक्ष्मदर्शकापुढे बसून कोणाच्या तरी आजीच्या डोळ्यात भिंग बसवीत असेल, हेही अशक्य नाही. आधी त्याला फळा नीट दिसला पाहिजे.